आधी चिठ्ठी, मग रिपोर्ट: तापाच्या केसमधून शिकायचं कसं

केस मांडणाऱ्याने पहिल्याच स्लाइडवर ‘मेलिऑइडोसिसची एक रोचक केस’ असं छापलं की शिकणं तिथेच संपतं. पुढची वीस मिनिटं आपण नुसत्या माना डोलावतो. उत्तर आधीच ठाऊक असलं की प्रत्येक लक्षण त्या उत्तराशी जुळायला लागतं, आणि घरी जाताना वाटतं की हे तर मलाही सुचलं असतं. सुचलं नसतं.

मी सिंधुदुर्गात तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. दर गुरुवारी ओपीडी आटोपली की आमच्याकडे केस घेऊन बसतात: इंटर्न, बॉण्डवर आलेले मेडिकल ऑफिसर, लॅबचा टेक्निशियन, गावातले एक-दोन जनरल प्रॅक्टिशनर. संसर्गजन्य आजारांचं सुपरस्पेशालिटी शिक्षण आमच्यापैकी कुणाचंच नाही. ताप मात्र रोज दारात असतो. तेव्हा जे पुढे लिहितेय ते मोठ्या कॉलेजातल्या युनिटसाठी नाही. चार-पाच जण, एक फळा आणि फाडलेले कागद एवढ्यावर चालणारी ही रीत आहे.

केस कुठली घ्यायची

नवीन मुलं दुर्मिळ केस शोधत येतात. मी त्यांना सांगते, हातात पुरेशी माहिती नसताना कुणाला तरी काहीतरी ठरवावं लागलं, अशी केस आणा. रात्री साडेनऊला आलेला ताप, प्लेटलेट्स घसरून ४२ हजार, मूत्रपिंडाचा आकडा क्रिएटिनिन वाढून २.४, पुढचे रिपोर्ट सकाळीच मिळणार. याला इथे ठेवायचं की गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पाठवायचं? या एका प्रश्नावर आमच्याकडे तास जातो, आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

निदान शेवटपर्यंत न लागलेल्या केसही आणाव्यात. डॉक्सीसायक्लिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही अँटिबायोटिक दिली, पेशंट पाचव्या दिवशी चालत घरी गेला, लेप्टो (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून येणारा) होता की स्क्रब टायफस (झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा) ते कळलं नाही. तालुक्यातल्या वैद्यकाचा मोठा भाग हाच आहे. तो चर्चेतून गाळला तर मुलांची समजूत होते की प्रत्येक तापाच्या शेवटी लॅबचं एक नाव लिहिलेलं असतं.

आधी तारखा, मग लक्षणं

फळ्यावर पहिल्यांदा एक आडवी रेघ ओढायची. तिच्यावर तापाचा पहिला दिवस. हा दिवस काढून घेणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण माणूस अंथरुणाला खिळला तिथून मोजतो, त्याआधीची तीन दिवसांची कणकण धरतच नाही. ‘ताप कधीपासून?’ असं विचारून भागत नाही. ‘शेवटचं पोटभर कधी जेवलात? आठवडी बाजाराला गेला होतात तेव्हा अंग दुखत होतं का?’ असं विचारलं की रेघ दोन-तीन दिवस मागे सरकते. मागे सरकली की रिपोर्टांचा अर्थही बदलतो.

मग त्याच रेघेवर पहिल्या दिवसाच्या मागचे तीन-चार आठवडे भरायचे. कुठे होता, काय काम केलं, कुठल्या पाण्यात उतरला. संसर्गजन्य आजारात हा मागचा भाग पुढच्या भागाइतकाच बोलतो. डासाने चावल्यापासून डेंग्यूचा ताप साधारण ४ ते १० दिवसांत येतो, दोन आठवड्यांपलीकडे धरत नाहीत. लेप्टोला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, पण २ ते ३० दिवसांपर्यंत पल्ला जातो. स्क्रब टायफसला ६ ते २१. फाल्सिपेरम मलेरियाला निदान आठवडा तरी हवाच. मलेरियाचा दुसरा प्रकार, व्हायवॅक्स, यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी डोकं वर काढतो.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा गणेशोत्सवात वापरून पाहावेत. चाकरमानी मुंबईहून येतो आणि दुसऱ्याच दिवशी तापाने फणफणतो. घरचे म्हणतात, ‘हयचा पाणी बाधला.’ हिशेब सांगतो की हा ताप त्याने मुंबईहूनच आणला. मलेरिया, डेंग्यू तिथले आहेत आणि मलेरियासाठी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, आजच बघायला हवा. उलटी बाजू जास्त घोटाळ्याची. तो इथे दहा दिवस राहिला, परड्यातलं गवत काढलं, व्हाळात उतरला, परत गेला आणि आठवड्याने डोंबिवलीत आजारी पडला. तिथल्या डॉक्टरला कोकणातलं गवत कोण सांगणार? म्हणून आमच्या रेघेवर ‘कुठे’ हा रकाना रिकामा असेल तर मी केस पुढे सरकू देत नाही.

कामाबद्दल विचारतानाही असंच. ‘शेती करता का?’ याला उत्तर येतं, ‘शेतीच करतंय, दुसरा काय?’ आणि हाती काही लागत नाही. लावणीला चिखलात उतरलात का, पायाला चीर होती का, गोठा कोण काढतं, उंदीर दिसतात का, असं तुकड्यातुकड्याने विचारायचं. जानेवारी ते मे असेल तर प्रश्नच वेगळे: काजूच्या बागेत जाता का, पातेरा गोळा करता का, आसपास माकडं मेली का. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये सापडलेला माकडताप २०१५ साली गोव्यात सत्तरीत आणि २०१६ साली आमच्या दोडामार्गात पोहोचला. तो गोचिडीतून येतो, डासातून नाही. फेब्रुवारीत दोडामार्गहून आलेल्या तापाला हा प्रश्न विचारला नाही तर बाकी हिस्ट्री कितीही देखणी असली तरी अपुरी.

चिठ्ठ्या

केस चार टप्प्यांत उघडायची: हिस्ट्री, तपासणी, त्याच दिवशी मिळणारे रिपोर्ट, उशिरा आलेले रिपोर्ट. प्रत्येक टप्प्यानंतर थांबायचं आणि प्रत्येकाने कागदावर तीन ओळी लिहायच्या. सर्वांत शक्य काय वाटतं. काय सुटलं तर महागात पडेल. आज रात्री मी काय देणार आणि काय मागवणार. खाली नाव. फोन उपडे.

तिसरी ओळ लिहायला मुलं सगळ्यांत जास्त कुरकुरतात, आणि तीच कामाची. पहिल्या ओळीत आठ आजारांची यादी लिहून सुटता येतं. तिसऱ्या ओळीत औषधाचं नाव लिहावं लागतं, तिथे खरं मत बाहेर येतं. ‘डेंग्यू वाटतो’ लिहून खाली डॉक्सी लिहिणाऱ्या मुलाला विचारावं, मग तुला खरं काय वाटतंय? बहुतेक वेळा त्याच्याकडे चांगलं उत्तर असतं. लेप्टो नाही असं तो छातीठोकपणे म्हणू शकत नसतो, आणि ते त्याने आत्तापर्यंत स्वतःशीही बोललेलं नसतं.

वाचताना सर्वांत धाकट्याची चिठ्ठी आधी. मी शेवटी बोलते. मोठ्या माणसाने आधी तोंड उघडलं की सगळी पेनं तिकडे वळतात. लॅब टेक्निशियनलाही चिठ्ठी द्यावी. आमच्या टेक्निशियनने कितीदा तरी डॉक्टरांच्या आधी बरोबर नाव लिहिलंय, कारण तो महिनाभराचे सगळे स्मिअर बघतो आणि आपण आपलेच पेशंट बघतो.

एक केस, पायरीपायरीने

ही केस दोन-तीन पेशंट मिळून बनवलेली आहे. मी ती दरवर्षी नव्या बॅचला घालते.

ऑगस्ट महिना. पन्नाशीचा भातशेती करणारा गृहस्थ. बरीच वर्षं मधुमेह, गोळ्या मनाला येईल तशा. महिन्याभराचा ताप, खोकला, वजन उतरलेलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग. बेडका दोनदा तपासला, टीबीचे जंतू नाहीत, तरी बाहेर टीबीची औषधं सुरू झाली. दोन आठवडे झाले, ताप हलत नाही. इथे थांबा, चिठ्ठी लिहा.

जवळजवळ सगळे लिहितात: टीबी, कदाचित औषधाला न जुमानणारा. वाईट उत्तर नाही. आपल्या देशात वरच्या भागातला डाग, ताप आणि वजन उतरणं पाहून टीबी आठवला नाही तर काळजी वाटावी. पण तिसऱ्या ओळीत सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी, लिहिलेलं असावं. ट्रूनॅटचं यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे. नुसतं ‘औषधं बदलू’ लिहिणाऱ्याची चिठ्ठी मी मोठ्याने वाचते.

दुसरा टप्पा. ताप १०२. डाव्या बरगडीखाली दाबलं की कळवळतो. उजवा गुडघा सुजलेला, गरम. त्याने गुडघ्याबद्दल स्वतःहून काही सांगितलं नव्हतं, ‘वयाचं असेल’ म्हणून. परत चिठ्ठी.

तिसरा टप्पा. पांढऱ्या पेशी १८ हजार, त्यात न्यूट्रोफिल ८८ टक्के. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ११, म्हणजे मधुमेह हाताबाहेर. सोनोग्राफीत प्लीहेत बारीक बारीक अनेक गळवं, यकृतात एक. सीबीनॅट निगेटिव्ह.

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. प्रश्न ‘मग हे काय?’ असा नसतो. मी विचारते, ‘टीबीबद्दलची खात्री नेमकी कुठे सुटायला लागली?’ कुणी म्हणतं गुडघा, कुणी म्हणतं न्यूट्रोफिल, एखादी मुलगी म्हणते की तिला पहिल्याच टप्प्यात दोन आठवड्यांनी ताप जसाच्या तसा राहिला ते खटकलं होतं. यावर खरी वादावादी व्हावी, कारण टीबीतही ताप दोन-दोन आठवडे रेंगाळतो, सांधा सुजतो, प्लीहेत गाठी होतात. एकेका लक्षणाने टीबी बाद होत नाही. सगळी मिळून तोल बदलतात. तोल कधी बदलला हे प्रत्येकाने आपल्याच चिठ्ठ्या मागेपुढे लावून पाहायचं.

चौथा टप्पा. दोन दिवसांनी रक्ताच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहतात त्यात) ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. रिपोर्टवर छापलं आहे ‘स्यूडोमोनास स्पीशीज’. खाली यादी: जेंटामायसिन रेझिस्टंट, कॉलिस्टिन रेझिस्टंट, को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह सेन्सिटिव्ह, सेफ्टाझिडिम आणि मेरोपेनेम सेन्सिटिव्ह.

रिपोर्ट फळ्यावर लिहायचा आणि गप्प बसायचं. रोजच्या स्यूडोमोनासला कॉलिस्टिन आणि बहुधा जेंटामायसिन लागू पडतं, को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह मुळीच नाही. इथे सगळं उलटं आहे. मधुमेह, पावसाळा, चिखल, गळवं आणि ही उलटी यादी एकत्र ठेवली की लॅबला फोन करायलाच हवा: बर्कहोल्डेरिया स्यूडोमालाय, म्हणजे मेलिऑइडोसिसचा जंतू, असू शकतो का ते बघा, स्टेनमध्ये सेफ्टी पिनसारखे दोन टोकांना रंगलेले दिसतात का बघा, आणि प्लेट उघडून हुंगू नका. हे शेवटचं मी हसत सांगत नाही. या जंतूला मातीसारखा वास येतो, आणि वासावरून जंतू ओळखण्याची जुनी सवय इथे टेक्निशियनच्या जिवावर बेतू शकते.

मेलिऑइडोसिसचं वर्णन रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो टीबी किंवा स्यूडोमोनास म्हणून वावरतो. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दोन आठवडे, प्लीहेत-यकृतात गळवं असतील तर त्याहून जास्त, आणि नंतर कोट्रायमॉक्साझोल किमान तीन महिने. दुसरा भाग सोडला तर आजार उलटतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर विसंबू नये. कल्चरही साधारण साठ टक्के वेळाच पकडतं, म्हणून एक निगेटिव्ह आलं की फाइल बंद करायची नाही. रक्त, लघवी, घसा, पू, जिथून मिळेल तिथून पुन्हा पाठवायचं.

पाहिलं नाही आणि सापडलं नाही

तपासणीचा टप्पा मांडताना मी फळ्यावर तीन रकाने करते: सापडलं, पाहिलं पण सापडलं नाही, पाहिलंच नाही. तिसरा रकाना भरायला लाज वाटते, म्हणून तो अगोदर भरायचा.

स्क्रब टायफसचा काळा खपलीचा डाग, एस्कार, हे याचं ठळक उदाहरण. तो दुखत नाही, खाजत नाही, पेशंटला ठाऊकच नसतो. काख, जांघ, स्तनाखाली, परकराची नाडी बांधतात तिथे, कानामागे, केसांत. जिथे कपडा घट्ट बसतो आणि डॉक्टर संकोचतो, नेमकं तिथे. ‘एस्कार नाही’ असं कुणी वाचून दाखवलं की विचारायचं, कपडे उतरवून कुणी पाहिलं? सिस्टरला सोबत घेतलं होतं का? उजेड होता का? दहातल्या बऱ्याच ‘नाही’ तिसऱ्या रकान्यात जातात. एस्कार खरोखरच नसला म्हणूनही स्क्रब बाद होत नाही, कारण बऱ्याच पेशंटमध्ये तो नसतोच.

इथेच औषधाचीही चर्चा होऊन जाते. डॉक्सी सुरू केल्यावर ४८ तासांत ताप उतरला नाही तर निदानाकडे पुन्हा बघायचं. २०२३ साली भारतातच झालेल्या मोठ्या चाचणीत गंभीर स्क्रबला शिरेतून डॉक्सी आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र देणं एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरलं. मुलं एवढंच लक्षात ठेवतात. मी त्यांना पुढचं वाक्य वाचायला लावते: फरक गुंतागुंतीत दिसला, मृत्यूंच्या प्रमाणात नाही.

सगळीच कार्डं पॉझिटिव्ह

आमच्याकडे येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत चार कार्डांचे, म्हणजे झटपट तपासण्यांचे, रिपोर्ट असतात. डेंग्यू आयजीएम अंधुक पॉझिटिव्ह, लेप्टो पॉझिटिव्ह, टायफॉइडची विडाल १:१६०, मलेरिया निगेटिव्ह. नातेवाईक सांगतात, ‘टायफॉइड निघालाय आणि डेंग्यूपण.’ ही केस फार स्वस्तात फार शिकवते.

प्रत्येक रिपोर्ट तारखांच्या रेघेवर नेऊन ठेवायचा. एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) पहिल्या पाच दिवसांत कामाचा, आठव्या दिवशी निगेटिव्ह आला तर त्याने काही सांगितलं नाही. आयजीएम (शरीराने बनवलेली अँटिबॉडी) पाचव्या दिवसाच्या आसपास उठतो आणि नंतर महिनोन्महिने रेंगाळतो, म्हणजे तो गेल्या पावसाळ्याचाही असू शकतो. लेप्टोच्या आयजीएमलाही पाच-सात दिवस द्यावे लागतात. विडाल १८९६ सालची तपासणी आहे, आणि जिथे टायफॉइड सतत असतो तिथे एकाच नमुन्याच्या आकड्यावर तिने निदान करू नये. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिकच्या आधी कल्चर, आणि बाटलीत पुरेसं रक्त. टायफॉइडमध्ये रक्तातले जंतू मुळात थोडे, त्यात तीन मिली घातलं तर सापडणार काय?

मग विचारायचं: कार्डं बाजूला ठेवली तर माणूस काय सांगतोय? डोळे लाल पण चिपडं नाहीत, पोटऱ्या दाबू देत नाही, लघवी भरपूर तरी क्रिएटिनिन वाढतंय आणि पोटॅशियम कमी? लेप्टो. ताप उतरला, पण आता पोट दुखतंय, उलट्या होतायत, हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढतंय? डेंग्यूचे धोक्याचे एक-दोन दिवस आत्ता सुरू झाले, घरी सोडायचं नाही.

छापील केसेस एकट्याने वाचताना

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रिचर्ड कॅबट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा चर्चा रुजवल्या, आणि त्या हॉस्पिटलच्या केसेस आजही छापून येतात. एकट्याने शिकणाऱ्याला ती चांगली खाण आहे. मात्र शीर्षक न बघता वाचायचं, चर्चा सुरू होते त्या ओळीवर कागद ठेवायचा आणि आपली चिठ्ठी लिहून मगच तो खाली सरकवायचा.

त्या केस छापल्या जातात त्या वेगळ्या असतात म्हणून, हे विसरायचं नाही. महिनाभर त्याच वाचणाऱ्या एका मुलाला आमच्याकडे प्रत्येक तापात ब्रुसेला (गुराढोरांपासून येणारा जंतू) दिसायला लागला होता. छापील एक वाचली की आपल्या वॉर्डातल्या साध्या तीन घ्या, आणि प्रत्येक वेळी विचारा: आपल्या तालुक्यात या महिन्यात हे किती वेळा दिसतं?

नावगाव

ग्रुपवर फोटो टाकण्याआधी पेशंटची परवानगी. चेहरा, गोंदण, फाइल नंबर, सोनोग्राफीच्या कोपऱ्यातलं नाव, सगळं झाकायचं. छोट्या तालुक्यात ‘अमुक वाडीतले माजी सरपंच’ एवढ्यानेच माणूस ओळखू येतो. गाव बदला, वय थोडं मागेपुढे करा, पद गाळा. महिना, काम आणि प्रवास मात्र बदलू नका, केस त्यातच आहे. आणि माकडताप, लेप्टो, डेंग्यूचा संशय असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन त्याच दिवशी जातो, तो गुरुवारची वाट बघत नाही.

चर्चेनंतर पेशंटच्या घरी एक फोन करायची जबाबदारी मांडणाऱ्याची. चिठ्ठ्या मी पिशवीत तारखेवारी ठेवते, आणि मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या आधी, ज्याच्या त्याला परत देते.

आता कागद घ्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तिशीची बाई, ठाण्यात राहते. गणपतीला कुडाळजवळ सासरी पंधरा दिवस होती, परत येऊन नऊ दिवस झाले. पाच दिवस ताप, डोकं फुटतंय, कालपासून थोडी धाप. प्लेटलेट्स ६८ हजार, यकृताची एसजीपीटी वाढून १४०, क्रिएटिनिन १.३, एनएस१ निगेटिव्ह, डेंग्यू आयजीएम अंधुक पॉझिटिव्ह. तपासणीच्या कागदावर लिहिलंय, ‘त्वचा: विशेष काही नाही.’ तीन ओळी लिहा, आणि चौथी: तो कागद लिहिणाऱ्याला तुम्ही काय विचाराल?